बरडावरचे शनिवार

अमरावतीच्या कचेरीत माझ्या हातचे जे अर्ज गेले, त्यांतला एकही मागणी अस्पष्ट असल्याच्या शेऱ्यासह परत आलेला नाही. मागणी काय, ती कोणाकडे आणि कोणत्या अधिकाराने, हे पहिल्या चार ओळींत उघड झालेच पाहिजे, हा माझा नियम. म्हणूनच, माझ्या धाकट्या साडूच्या बरडावर शनिवारी दुपारी येऊन सोमवारी पहाटे परतणाऱ्या तीन साहेबांची मागणी नेमकी काय होती, हे मला ठरवता येऊ नये, याचा संताप अजून उतरलेला नाही. साडूला ते कोणी न सांगता कळले होते. खरा संताप त्या गोष्टीचा आहे.

आधी जमिनीचे सांगितले पाहिजे, कारण तंट्याचे मूळ तिथे आहे. आमच्या सासऱ्यांना दोन मुली. थोरली माझ्या घरी, धाकटी साडूच्या. मुलगा नसल्याने बडनेऱ्याच्या वाटेवरची आपली जमीन त्यांनी हयातीतच दोघींना वाटून द्यायचे ठरवले, आणि वाटणीपत्र लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे पाडणाऱ्याच्या मनात खोट राहत नाही. मी वाटे पाडले. एक वाटा नाल्याकाठच्या काळीचा. खोल, चिकण, कापसासाठीच जन्मलेली जमीन. दुसरा तिच्या मागच्या बरडाचा. मुरमाड, चढउताराचा, जिथे ज्वारीसुद्धा रुसून उगवते. तो बरोबरीला यावा म्हणून मी त्याचे क्षेत्र काळीच्या दुपटीहून मोठे धरले होते. तरीही कोणताही शहाणा माणूस काळीवरच बोट ठेवील आणि पडते मला घ्यावे लागेल, अशी माझी तयारी होती. साडू धुऱ्यावर, दोन्ही वाट्यांमधल्या बांधावर, उभा राहिला, त्याने दोन्हीकडे पाहिले आणि बरड उचलले. सासऱ्यांनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की तिकडे वारा चांगला लागतो.

ही गोष्ट मी त्या वर्षी पुष्कळांना सांगितली आणि सगळे हसले. पुढे तर हसण्याला आणखीच जोर आला. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव येऊ लागला. तेल्हाऱ्यापासून अंजनगावापर्यंत माणसे खुळी झाली. गायरानांच्या कडा, पांदणींचे काठ, आंब्याच्या बुडाशी ढोरे बसायची ती जागा, जिथे नांगराचा फाळ शिरेल तिथे कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. माझ्या काळीत बैल वळवायलाही मी हातभर जागा सोडली नाही. साडूच्या बरडावर मात्र शेळ्या चरत राहिल्या. त्याने तिथेच एका कडुलिंबाजवळ घर बांधले, संध्याकाळी अंगणात बाज टाकून तो वारा खात पडे. त्याच्या घरापासून बडनेऱ्याच्या वाटेला यायला माझ्या काळीतून एक गाडीरस्ता होता. तो मी वाटणीपत्रात नीट लिहून दिला होता: वहिवाट राहत्या माणसांची व शेतीच्या गाड्यांची. शब्द माझेच आहेत, आणि ते आजही मला निर्दोष वाटतात.

मग साहेब आले. दोघे कापसाच्या कोठ्यांवरचे, एक रेल्वेच्या कामावरचा. तिघांत जो वयाने थोर होता, टक्कल पडलेला, उन्हाने लाल झालेला, त्याला मी थोरला साहेब म्हणेन. गोल्फ नावाच्या खेळासाठी ते जागा शोधत होते. लांब दांड्याने लहानसा टणक चेंडू हाणायचा, त्याच्यामागे चालत जायचे, पुन्हा हाणायचा, आणि शेवटी तो दूरवरच्या एका वीतभर खड्ड्यात घालायचा, असा तो खेळ. त्याला लागतो मोकळा माळ आणि आखूड गवत. कापसाच्या त्या भरात अमरावतीच्या आसपास आखूड गवत फक्त एका माणसाकडे उरले होते, तेही त्याच्या आळसामुळे आणि त्याच्या शेळ्यांमुळे. साहेबांनी त्याला विचारले, त्याने हो म्हटले. बरडाच्या टोकाला एक तंबू पडला, चार-सहा खड्डे पडले, खड्ड्यांशी चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या गेल्या, आणि दर शनिवारी माझ्या काळीतून घोडे जाऊ लागले.

पहिल्या महिन्यातच एक चेंडू धुरा ओलांडून माझ्या पऱ्हाटीत पडला व दोन बोंडे फुटायच्या आधी तुटली. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिले. परक्या जमिनीत शिरणे, उभ्या पिकाची हानी, पुढील हानीचा संभव, सगळे क्रमवार मांडले. उत्तर फार सभ्य आले. साहेबांनी क्षमा मागितली होती आणि यापुढे माझ्या शेतात पडलेला चेंडू माझाच समजावा, असे कळवले होते. त्या पत्राला मी काय प्रत्युत्तर देणार? भांडणाऱ्याला अशी उत्तरे पाठवणे हा एक प्रकारचा अन्याय आहे.

पण चेंडूवर माझा रोष नव्हता. कचेरीत साहेबांपुढे उभे राहण्यात माझी हयात गेली. जोडे बाहेर, पगडी डोक्यावर, कागद दोन्ही हातांत. इतक्या वर्षांत एकाही साहेबाने मला बस म्हटले नाही. म्हणण्याचे त्याला कारणही नव्हते, रीत ती रीत. आणि इथे, ज्याला सही करताना घाम फुटतो असा माझा साडू कडुलिंबाच्या सावलीत त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला मला धुऱ्यावरून दिसे. थोरल्या साहेबाचा घाव हुकला की साडू मोठ्याने हसे. मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा आता याला चाबूक बसणार, असे वाटून मी थांबलो. साहेबही हसला, आणि त्याने साडूच्या पाठीवर थाप मारली.

सासुरवाडीला मेहुणीच्या धाकट्या मुलीचे बारसे होते. पंगतीत जमलेल्या साऱ्यांना साडूकडून साहेबांचेच ऐकायचे होते. ते काय खातात, त्यांच्या घोड्यांना चंदी कसली, तंबूत खाट असते का. साडू जेवता जेवता दोन शब्दांत उत्तर देई आणि लोकांना तेवढ्यातही गोडी वाटे. त्याच आठवड्यात मी एका गावाच्या पाण्याचा तंटा अर्जाच्या जोरावर मिटवून आलो होतो. तो विषय मी दोनदा काढला. दुसऱ्यांदा सासऱ्यांनी वाढणाऱ्यांना माझ्या पानात भात वाढायला सांगितले.

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि ती मी लपवत नाही. त्या तिघांनी एक शनिवार माझ्या जमिनीवर, माझ्या शेजारी बसून घालवावा, एवढे मला हवे होते. साडूपेक्षा मी जमिनीने, वयाने, अकलेने कशातही कमी नव्हतो. तो मान माझ्या दारात एकदा यावा, आणि तो आलेला साडूने पाहावा.

त्यासाठी त्यांना काय लागते ते शोधणे आले. मी शनिवारी कचेरीतून थेट शेतावर जाऊ लागलो आणि धुऱ्यावरून पाहू लागलो. साडू त्यांना काय देतो? पाण्याची एक घागर. मागितलीच तर भाकर आणि ठेचा. बाकी काही नाही. स्वागत नाही, बिछायत नाही, गाणे-बजावणे नाही. साहेब अर्धा दिवस चालत, उरलेला अर्धा दिवस गवतावर पालथे पडत. या दारिद्र्यात ते कशासाठी येतात, याचा मला एकच अर्थ लागला: त्यांना याहून चांगले कोणी दिलेले नाही.

माझे हे जाणे-येणे घरात कळले होते. घरात त्यावर बोलणी होत. एकदा पान वाढताना आमच्या मंडळी म्हणाल्या, "धुऱ्यावर उभं राऊन राऊन तुमची मान बरडाकडंच वळली आता. जेवताना तरी ताटाकडं पाहा."

मी म्हणालो की ही चौकशी आहे.

"चौकशी करून राहिले का जळून राहिले, ते त्या भाताले बी समजते," असे म्हणून त्या आत गेल्या.

हंगाम सरला, कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या. काळी उघडी पडली. होळी झाल्यावर मी थोरल्या साहेबाला निमंत्रणाचे पत्र लिहिले. त्यासारखे पत्र मी आधी लिहिले नव्हते आणि नंतरही नाही. मग साडूकडे गेलो, कारण तो आड येईल असे मला वाटत होते, आणि त्याची प्रत्येक हरकत खोडून काढायची मी तयारी केली होती. तो एकही हरकत घेईना. उलट खूश झाला. म्हणाला की बरे झाले, शेळ्यांना तेवढाच एक शनिवार मोकळा मिळेल, नाहीतर चेंडूच्या भीतीने त्या बिचाऱ्या दिवसभर बांधून ठेवाव्या लागतात. मी ज्यासाठी झोप घालवली, ते तो शेळ्यांच्या सोयीसाठी सोडून देत होता. त्याने नकार दिला असता तर मला कमी लागले असते.

त्या शनिवारी मी काही कमी केले नाही. शेत झाडून घेतले. नाल्याकडेला मांडव, मांडवात गालिचे आणि लोड. पुरणाच्या पोळ्या, वडे, कैरीचे पन्हे. सनईवाला बोलावला आणि त्याला सांगून ठेवले की साहेबांनी चेंडूवर दांडा उचलला की सुरावट सुटली पाहिजे. प्रत्येक घावाचा मान राखला गेला पाहिजे. खड्डेही मी खणून घेतले होते, आणि ते त्यांच्यापेक्षा मोठे, चांगले घागरीएवढे.

साहेब आले. मी त्यांना आधी जमीन दाखवली, कारण पाहुण्याला आपल्या घरातली सर्वांत चांगली वस्तू आधी दाखवायची असते. फाल्गुन-चैत्रात काळी तडकते हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. भेग जितकी खोल, तितकी जमीन कसदार. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेला बापदेखील आधी शेताच्या भेगा पाहून येतो. माझ्या शेतातल्या भेगा तर पंचक्रोशीत नावाजलेल्या. एका भेगेपाशी मी थोरल्या साहेबाला उभे केले, त्याच्या हातातला खेळायचा दांडा विनंतीपूर्वक मागून घेतला आणि भेगेत सोडला. तो मुठीपर्यंत आत गेला. आणखी खोल गेला असता, मी म्हणालो, पण तुमचा दांडा आखूड आहे.

साहेबाने दांडा ओढून काढला, त्याची माती पुसली, आणि तो बराच वेळ शेताकडे पाहत राहिला. मला वाटले, जमीन त्याच्या मनात भरली.

पहिला घाव थोरल्या साहेबाचा. सनई सुटली, तो दचकला, चेंडू तिरपा गेला आणि दोन उड्या मारून भेगेत पडला. दुसऱ्या साहेबाचा चांगला लांब गेला आणि तोही पडला. तिसऱ्याचा जिथे पडला ती भेग शेवटपर्यंत सापडली नाही. माझी माणसे पहारी घेऊन धावली. ते चेंडू समुद्रापलीकडून येत, ते इथे मिळत नसत, हे मला पुढे कळले. उन्हे कलेपर्यंत तिघेही मांडवात बसले होते आणि शेतात खोदकाम चालले होते.

तरीही माझे मन प्रसन्न होते, कारण ते बसले होते, आणि माझ्या शेजारी बसले होते. साडू दूर कडुलिंबाखाली उभा राहून इकडे बघत होता. मी पोळीवर तूप वाढले आणि मला जे सर्वांत चांगले येते त्या विषयावर बोलू लागलो. ह्या शेतातला धागा किती लांब निघतो. वेचणीत पाला का येतो. बाजारात आडते मापात तराजूची दांडी कशी मारतात आणि त्याबद्दल कोठीवाल्या साहेबांनी कोणता नियम करावा. मुद्दे मी घोकून ठेवले होते. चौथ्या मुद्द्यावर थोरला साहेब उठून उभा राहिला. रागाने नव्हे. त्याने मला नमस्कार केला, जेवणाची तारीफ केली, आणि मग आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "लाला, छह दिन कपास. बस कपास. उधर तुम्हारे भाई के पास कपास नहीं है."

मी लाला नाही, आणि साडू माझा भाऊ नाही. पण ह्या दोन चुका दुरुस्त करेपर्यंत तिघेही धुरा ओलांडून बरडावर गेले होते. थोड्या वेळाने तिकडून साडूचे हसणे ऐकू आले. सनईवाल्याने मला विचारले की आता वाजवायचे की नाही.

आता कायद्याचे. मी कोणतीही कृती रागाच्या भरात करत नाही; राग असतो, पण तो मी कलमात बसवतो. वहिवाट राहत्या माणसांची व शेतीच्या गाड्यांची होती. साहेब बरडावर राहत नव्हते आणि त्यांचे घोडे शेतीच्या कामाचे नव्हते. पुढच्या शनिवारी सकाळी गाडीरस्त्यावर मी बाभळीची काटी, चांगली काटेरी फांदी, आडवी लावली आणि वाटणीपत्र घेऊन तिच्यापाशी उभा राहिलो. साडूची माणसे, ढोरे, गाड्या यांना काटी बाजूला करून देण्याचे बंधन मी स्वतःवर घेतले होते, कारण तो त्यांचा हक्क होता.

साहेब आले. मी त्यांना कारण सांगितले आणि कलम वाचून दाखवले. तंटा झाला तर कुठे काय उत्तर द्यायचे, ते खालपासून वरपर्यंत माझ्या डोक्यात तयार होते. मनात आणखीही एक होते. आता हे विचारतील, मग आम्ही कुठे खेळावे? आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते: नाल्यापलीकडचा एक पडीक तुकडा मी गुपचूप पाहून ठेवला होता, मुरमाचा, भेगा नसलेला. फक्त विचारणे त्यांच्याकडून यायला हवे होते.

थोरल्या साहेबाने विचारले, "लिखा है?"

"लिखा है," मी म्हणालो.

त्याने टोपी किंचित उचलली, पलीकडे उभ्या असलेल्या साडूला हात केला, आणि तिघांनी घोडे वळवले. कायद्याला इतका सरळ मान देणारी माणसे मी कचेरीतही फार पाहिली नाहीत. मला त्यांचा इतका राग तोवर आला नव्हता.

साडू पलीकडून काटीपाशी आला. मग म्हणाला, "साडूभाऊ, कायद्याचं मले समजत नाई. तुमचं बरोबरच असन. मले फकस्त येवढं सांगा, आता शनवारी मी कोनासंगं बसू?"

हा प्रश्न वहिवाटीच्या बाहेरचा आहे, असे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली आणि तो शेळ्या सोडायला गेला.

पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात बरडावरचे खड्डे बुजले, चिंध्यांच्या काठ्या कोणी सरपणाला नेल्या. नाल्यापलीकडचा तुकडा मी विकत घेतला नाही, पण गवत आखूड राहावे म्हणून त्यात शेळ्या चरू द्याव्यात, असे मी गुराख्यांना सांगून ठेवले. खेळायला कोणी आले नाही. तोवर आगगाडी बडनेऱ्यापर्यंत धावू लागली होती, आणि तिन्ही साहेब अकोल्याला राहायला गेल्याचे कळले. तिथे बार्शीटाकळीच्या बाजूला त्यांना एक माळ सापडला होता. हे सर्व मला आमच्या मंडळींकडून कळले, त्यांना त्यांच्या बहिणीकडून, आणि बहिणीला अर्थात साडूकडून. कारण साहेबांनी साडूला निरोप पाठवून बोलावून घेतले होते.

तेव्हापासून दर पंधरवड्याच्या शनिवारी साडू बडनेऱ्याला दोन बैलांच्या हलक्या दमणीने जातो आणि तिथून आगगाडीने अकोल्याला. सोमवारी परततो. त्याला खेळता येत नाही. तो तिथे बसतो, हसतो, वारा खातो. मेहुणी एकदा साहेबांनी दिलेली बिस्किटे घेऊन आली होती. ती मी खाल्ली नाहीत. मी खाणार नाही, हे घरात आधीच गृहीत धरले होते, म्हणून माझ्यासाठी ठेवलीही नव्हती.

त्याची दमणी माझ्या काटीपासून जाते. तो राहता माणूस आहे, त्याची वहिवाट आहे, ती मी नाकारू शकत नाही. आणि हे काम गड्यावर सोपवण्यासारखे नाही, कारण गडी शब्दांचा अर्थ सैल करतात. म्हणून शनिवारी सकाळी मी स्वतः तिथे जातो आणि माझ्या हातांनी काटी बाजूला करतो.

गेल्या शनिवारी साडूने बैल थांबवले. धुतलेला अंगरखा, नवा फेटा. दमणीत एका अंगाला सरकून त्याने शेजारची जागा हाताने झटकली.

"चाला ना साडूभाऊ. जागा हाय."

मला साहेबांनी बोलावलेले नाही, मी म्हणालो.

"मी बोलावून राह्यलो ना."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता; मी तो शोधून पाहिला. बैलांनी माना हलवल्या, घुंगरे वाजली, तो थांबून राहिला. निमंत्रण द्यायचे तर ते यजमानाने द्यावे लागते. अकोल्याचा माळ ह्याचा नाही, साहेब ह्याचे नाहीत, गाडीचे भाडेही साहेब देतात असे ऐकतो. मग हा कोणत्या नात्याने बोलावतो? असे बोलावणे घेऊन मी तिथे उतरलो, आणि थोरल्या साहेबाने विचारले की तुला कोणी आणले, तर मी काय दाखवणार?

हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, गाडी सुटेल म्हणाला, आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली.

दमणी गेल्यावर मी काटी पुन्हा होती तशी आडवी लावली. येत्या पंधरवड्याला तो पुन्हा विचारील असे दिसते. त्याआधी ह्या मुद्द्याचा निकाल लागायला हवा. आज सकाळपासून मी तोच लिहीत बसलो आहे, आणि आमच्या मंडळींनी न विचारता माझा धुतलेला अंगरखा काढून खुंटीला लावून ठेवला आहे.